प्रतिसादक क्रमांक सात

गोमीमावशी गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. करंजाड्याच्या नाक्यावर रिक्षा थांबली आणि समोर खांबांना बांधलेल्या दहा फुटी फलकावर ती. वर ‘मातृछत्र हरपले’, खाली ‘शोकाकुल’ म्हणून तीसेक पुरुषांचे गॉगल लावलेले फोटो, आणि मधोमध तिचा मुलगा गजानन, हात जोडून. मला किळस आली. त्या गॉगलांची तर आलीच, पण जास्त आली ती माझी स्वतःची. फलकावरचा मावशीचा फोटो मी काढलेला होता... महिना झाला, फलक उतरला, पण ती किळस काही जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी शाळेत असताना मावशी आमच्या खांदा कॉलनीत डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला यायची. आई भावावरून घासाघीस करायची, आणि मावशी तिच्याकडे लक्षही न देता आमच्या दारातच विळीवर मासळी साफ करून द्यायची. पोटातून अंड्यांची गाबोळी निघाली की ती बाजूला काढून, ‘ही पोरीची’ म्हणायची. पुढे त्यांची शेतजमीन नव्या शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर गजाननने चार मजली इमारत उठवली आणि पहिल्यांदा काय केलं, तर आईची पाटी बंद केली. इमारतीच्या मालकाची आई मासळी विकते हे बरं दिसत नाही म्हणे. मग ती खाली पार्किंगमध्ये गोणपाट पसरून भाडेकरूंची मासळी फुकट कापून द्यायची. लिफ्टची तिला भीती वाटायची, म्हणून चार मजले चढून-उतरून.

मी तेव्हा बी.ए.ला होते. मानसशास्त्र मुख्य आणि जोडीला वार्धक्यशास्त्र. हा जोडविषय मी म्हाताऱ्यांच्या कळवळ्यानं वगैरे घेतला नव्हता. त्यात कुणी नापास होत नाही आणि शनिवारी तास नसतो, एवढंच मला ठाऊक होतं. ‘वृद्धांचा सन्मान’ यावर मी गाईड पाहून पानंच्या पानं लिहीत असे. शेवटच्या वर्षी प्रकल्प होता: दहा वृद्धांना भेटायचं, छापील प्रश्नावली भरायची, गुण देऊन कोण किती स्वावलंबी ते ठरवायचं. सातवी मावशी. मी गेले तेव्हा ती पार्किंगमध्ये एक भलीमोठी सुरमई कापत बसली होती. तिच्या पानावर छान दिसेल म्हणून मी फोटो काढला. तिच्याबरोबर वर जाऊन सोफ्यावर बसले, आणि तिच्या सुनेनं चहा ठेवून उत्तरं द्यायला सुरुवात केली. गॅस पेटवता येतो? नाही. जन्मभर चुलीवर रांधलेल्या बाईला तो कधी पेटवू दिला होता कुणी? लिफ्ट वापरतात? नाही. फोन लावतात? नाही. बँकेत एकट्या जातात? नाही. मी शून्यं मांडत गेले. मावशी कोपऱ्यात जमिनीवर बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होती, कारण पोर शिकली होती.

प्रकल्पाला आमच्या बाईंनी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले. आठवड्यानं गजानन घरी आला, मावशीच्या पानाची झेरॉक्स मागायला. कॉलेजच्या शिक्क्यासकट. त्याचा गोड आवाज ऐकूनच मला शंका यायला हवी होती. मी दिली, वर तो फोटोही दिला. नंतर भावकीच्या बैठकीत त्यानं तो कागद फिरवला. आईला काहीच जमत नाही, कॉलेजनंच लिहून दिलंय, घरात बघणारं कोण आहे... आणि तिला तालुक्याच्या पार टोकाच्या वृद्धाश्रमात नेऊन सोडलं. भावकीतले सगळे मान डोलावून उठले म्हणे. तेच हे शोकाकुल.

मी तिथं एकदाच गेले. फिनेलचा वास, ओळीनं खाटा, पातळ वरण. धारदार वस्तू ठेवायची नाही असा नियम, म्हणून विळी दारातच काढून घेतली होती. मावशी मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि ते हात रिकामे असलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ती मला एका शब्दानं रागावली नाही. फक्त विचारलं, ‘‘पोरी, येवरा इचारलास, म्हावरा कापता येतं का, ते नाय इचारलास?’’ मी म्हटलं, कागदावर तो प्रश्नच नव्हता. ती म्हणाली, ‘‘तू तर बगितलं व्हतंस ना.’’ मी बसची वेळ झाली असं खोटंच सांगून निघाले, आणि पुन्हा गेले नाही.

परवा माळ्यावरून तो प्रकल्प काढला. गजाननने फलकासाठी फोटो खांद्यापाशी कापला होता, माझ्याकडे तो अख्खा आहे. गोणपाट, पायाखाली दाबलेली विळी, दोन्ही हातांत सुरमई, एक तुकडा खाली पडतोय आणि मावशीचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, कामात आहे. त्याच्या बरोबर खाली, माझ्या सुवाच्य अक्षरात: ‘प्रतिसादक क्र. ७. पूर्णतः परावलंबी.’ आणि त्याच्या शेजारी बाईंच्या लाल शाईत, ‘उत्तम निरीक्षण.’