जिवंत खुंटांचा आराखडा

नकाशेबाई वनकार्यालयात लागल्या त्या आरेखक म्हणून. तेव्हा नकाशे हाताने काढत. पुढे संगणक आले, बाईंचं टेबल तीनदा बदललं, हुद्दा वाढून नियोजन अधिकारी झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली. भिंतीला नकाशांचं लोखंडी कपाट. त्याचा तिसरा खण ओढला की अडकायचा आणि गुडघा लावल्याशिवाय आत जायचा नाही. त्या खणात अकरा हजार हेक्टर जंगल पडून होतं.

जंगल म्हणजे त्याचा आराखडा. तीन खोऱ्यांमधल्या डोंगरांवरची झाडी दोन पिढ्यांत तुटली होती. आधी कोळशासाठी, मग रस्त्यासाठी, आणि शेवटी शेवटी तर सवय म्हणून. ती परत उभी कशी करायची, त्याला वर्षं किती, माणसं किती आणि पैसा किती लागेल ते मांडायचं काम बाईंकडे आलं, तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता नात शाळेत जायला लागली होती आणि आराखड्याची सातवी आवृत्ती साहेबांच्या टेबलावर होती.

पहिली दोन वर्षं बाईंनी ते डोंगर पायाखाली घातले. सोबतीला रोपवाटिकेचे मामा. मामा कोणाचे मामा होते देव जाणे, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. एकदा एका उघड्याबोडक्या उतारावर बाई वहीत "काही नाही" असं लिहीत होत्या. मामा खाली बसले, गुडघ्याएवढ्या एका खुंटाची साल त्यांनी नखाने खरवडली. आत हिरवं होतं.

"बाई, हा मेलेला नाही, रुसलेला आहे," मामा म्हणाले. "दरवर्षी फुटतो, दरवर्षी गुरं त्याचा शेंडा खातात. तीन-चार वर्षं त्याला कोणाचं तोंड लागू देऊ नका, मग बघा."

बाईंनी वहीतलं खोडलं. त्यानंतर दोघांनी दहा-दहा पावलांचे चौकोन आखून खुंट मोजायला सुरुवात केली. असे हजारभर चौकोन झाले. हिशेब लागला तो असा: चार हजार हेक्टरवर खरोखर काही उरलं नव्हतं, तिथे रोपं लावावी लागणार होती. उरलेल्या सात हजारांवर एक रोपही लावायची गरज नव्हती. कुंपण घालायचं, राखणदार नेमायचे, वणवा अडवायला पट्टे साफ ठेवायचे, आणि ज्यांची गुरं तिथे चरतात त्यांना दुसरीकडे चारा पिकवून द्यायचा. जंगल आपलं आपण आलं असतं. खर्च लागवडीच्या एक षष्ठांश.

बाईंना वाटलं, इतकी स्वस्त गोष्ट कोणीही हसत हसत मंजूर करील. इथेच त्यांचं चुकलं.

"काहीच लावायचं नाही, तर पैसे कशाचे?" हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा साहेबांनी विचारला. मग परदेशी मदत देणाऱ्या संस्थेने विचारला. मग कर्ज देणाऱ्या बँकेने, जरा सभ्य शब्दांत. प्रत्येक वेळी बाई तोच नकाशा पसरायच्या, त्याच पेन्सिलीने तेच दाखवायच्या. प्रत्येक वेळी समोरचा मान डोलवायचा, चहा संपवायचा आणि आराखडा सुधारून पाठवा म्हणायचा. एका आवृत्तीत त्यांना नकाशाचे रंग बदलायला लावले. एकीत "राखणदार" हा शब्द काढून "क्षेत्रीय संवर्धन साहाय्यक" घालायला लावला. मामा म्हणाले, "पगार वाढणार असेल तर मलापण तसं काहीतरी म्हणा."

सातव्या खेपेला एका मोठ्या कंपनीचा निधी आला. दहा लाख रोपं, एकाच हंगामात. निधीचा माणूस तरुण होता, नम्र होता आणि खरं बोलणारा होता, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येईना.

"मॅडम, तुमचं पटतंय मला," तो म्हणाला. "पण आम्हाला वर दाखवायला फोटो लागतो. आधी माळ, नंतर झाडं. तुमच्या योजनेत आधीही खुंट आणि दुसऱ्या वर्षीही खुंटच."

"पाचव्या वर्षी या. डोक्यावरून जाईल एवढी झाडी दाखवते."

"पाचव्या वर्षी मी या खुर्चीत नसेन."

निधीची आणखी एक अट होती. जमीन ओसाड असली पाहिजे, आणि किमान सहा हजार हेक्टर. तो गेल्यावर साहेबांनी दार लोटून घेतलं.

"एक शब्द बदला. सात हजारांतल्या दोन हजारांपुढे 'ओसाड' लिहा. नाहीतर सगळा निधी परत जाईल आणि तुमचे ते चार हजारही बोंबलतील."

"ते ओसाड नाहीत, सर. मी मोजलंय."

"तुम्ही आणि मामांनी मोजलंय. दहा वर्षं मोजताय. एक झाड उभं राहिलं का त्यातून?"

बाईंनी नकाशाची गुंडाळी केली आणि घरी गेल्या.

बाईंचे यजमान शिंपी. पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन. जेवणं झाल्यावर बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"गिऱ्हाईक हट्टाला पेटलं म्हणून मी छत्तीसच्या छातीला बत्तीसचा सदरा शिवला, तर फाटल्यावर शिव्या मलाच बसतात."

"अहो, पण न शिवला तर गिऱ्हाईक उघडंच राहतं ना?"

"मग शीव," ते म्हणाले. "पण माप तुला माहीत होतं, हे विसरू नकोस."

बाईंनी सही केली. चार हजारांसाठी केली, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

पैसा आला तो तीन महिने उशिरा. लागवडीचा हंगाम निम्मा सरला होता आणि वर्ष संपायच्या आत सगळा खर्च दाखवायचा होता. मामांच्या रोपवाटिकेत दीड लाख रोपं तयार होती, बाकीची बाहेरून ट्रकने आली. सगळी एकाच जातीची, भराभर वाढणारी, कोवळी. माणसांनी खड्डे खणायला वेळ नव्हता, म्हणून यंत्रं आणली. त्यांना आधी वाट लागते, म्हणून काम सुरू झालं ते रस्त्याजवळच्या दोन हजारांवर. लांबच्या चार हजारांवर पुढच्या वर्षी जाऊ, असं ठरलं.

बाई आणि मामा आठवड्याने तिथे गेले. यंत्राने रांगेत, दोरी धरल्यासारखे खड्डे काढले होते. खुंट मध्ये आला तर खुंटासकट. उपटलेली मुळं कडेला ढीग करून ठेवली होती. मनगटाएवढी जाड, काही ठिकाणी अजून ओली. मामांनी एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ढिगावर ठेवलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या, तर बाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांपैकी दहात दोन उरली. फोटो मात्र आधीच काढून झाले होते. लांबच्या चार हजारांकडे कोणी फिरकलंच नाही.

त्यानंतर बाईंची झोपच उडाली. कार्यालयात त्या फाटक्या तोंडाच्या झाल्या, साध्या साध्या गोष्टींवरून खेकसायला लागल्या. एक दिवस वर्तमानपत्रात बातमी वाचली, की खालच्या शहराच्या जलाशयातला गाळ काढण्यावर नगरपालिका दरवर्षी केवढी तरी रक्कम घालवते. गाळ कुठून येतो, हे बाईंना पाठ होतं. नकाशाची गुंडाळी काखोटीला मारून त्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे गेल्या.

ते अभियंते म्हणजे बोलायला सरळसोट काठी. "मला झाडांशी घेणंदेणं नाही," ते म्हणाले. "गाळ किती कमी होईल तेवढं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाईंना योग्य प्रश्न विचारला होता. त्यांनी सांगितलं. अभियंत्यांनी कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि जलाशयाच्या माथ्यावरच्या तीनशे चाळीस हेक्टरांसाठी कुंपण आणि सहा राखणदार मंजूर केले. पैसे कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे? गाळ काढणे. गाळ येण्याआधीच काढला, असं समजा म्हणाले.

तीन वर्षं ते चाललं. गुरं असणाऱ्यांशी मामांनी स्वतः बसून बोलणी केली, चाऱ्याची जागा ठरवली. सहांपैकी चार राखणदार त्यांच्यातलेच घेतले, म्हणून कुंपण कोणी तोडलं नाही. चौथ्या वर्षी बाई तिथे गेल्या तेव्हा फुटवे त्यांच्या खांद्याला लागत होते, आणि काही ठिकाणी मामा पुढे गेले की दिसेनासे व्हायचे. बाईंनी हाक मारली. आतून "ओ" आली. बाई तिथेच दगडावर बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

हे सगळं त्यांनी वार्षिक अहवालात लिहायला घेतलं. अहवालाचा तक्ता संगणकावर ठरलेला होता: खड्डे, लावलेली रोपं, जगलेली रोपं. बाईंनी रकाने रिकामे सोडले, तर संगणक पुढे जाऊ देईना.

"शून्य टाका," साहेब म्हणाले.

"सर, तिथे जंगल आलंय."

"लावलं का आपण? नाही ना? मग शून्य."

तीन ओळी, तीन शून्यं. शेजारच्या पानावर त्या दोन हजार हेक्टरांपुढे दहा लाखांचा आकडा दिमाखात बसला होता. त्याच पानाच्या आधारे बाईंना भरपाई लागवडीचा प्रस्ताव करायला सांगण्यात आलं: मेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा आठ लाख. त्यांनी नाही म्हटलं. या वेळी सही केली नाही. साहेबांनी आवाजही चढवला नाही, प्रस्ताव खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवला आणि तो पंधरा दिवसांत मंजूर झाला.

त्यातच सरळसोट अभियंत्यांची बदली झाली. लेखापरीक्षकांनी शेरा मारला होता, की गाळ काढण्याच्या पैशातून राखणदार ठेवता येत नाहीत. राखणदारांचा पगार तटला. दोन महिने त्यांनी तसंच काम केलं. तिसऱ्या महिन्यात दोघे बांधकामावर निघून गेले. उरलेल्यांना मामा म्हणत होते, थोडं थांबा, बाई बघतायत.

बाई बघत होत्या. निवृत्तीला सोळा महिने उरले होते, आणि गाळाच्या मोजमापांची नवी फाईल त्यांनी स्वतः पानं टाचून तयार केली होती. नव्या अभियंत्यांनी मंगळवारी बोलावलं होतं. मागचे दोन मंगळवार ते जागेवर नव्हते, म्हणून या खेपेला बाई सोमवारीच फोन लावून बसल्या. पलीकडे नुसती घंटा वाजत होती.