खिळ्याची कावीळ

पाण्याचा तांब्या हातात दिला की मोजणीबाई आधी हुंगायची. प्यायची न्हाय. हुंगायची, उजेडाला धरून बघायची आणि परत द्यायची. आमच्यात दारात आलेल्याला पाणी देत्यात, आणि ते परत देणं म्हंजे थोबाडीत मारल्यागत. पयल्याच दिवशी मी इचारलं, "का गं, आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?" तर म्हणती कशी, "आक्का, तुमच्या हातावर माझा भरवसा हाय. नळावर न्हाय."

ती आरोग्याच्या हापिसातली. कुठं रोग उठला की घरोघर फिरायचं, कुणाला झाला, कवा झाला, कशानं झाला ते लिवायचं, ह्येच तिचं काम. पण पिरनवाडीच्या अंगाला आमची घरं बिनपरवान्याची. कागद-पेन घिऊन बाई गल्लीत शिरली तवा सगळ्यास्नी वाटलं, जागंची मोजणी आली. धडाधड दारं लागली. तवापासनं ती मोजणीबाई. तिला कळलं तर हसली. "बरं झालं, नाव तरी ठिवलासा. हापिसात मला कोण वळखतंय?"

चिकोडीकडच्या जैनाची लेक ती. घरात कानडी, शेतात मराठी, आणि भांडताना दोन्ही.

आणि मी काविळीची माळ घालणारी. माझी आई कणकुंबीची. तिनं मला एक झाड दावलं आणि नाव कुणाला सांगायचं न्हाय म्हणून शपथ घातली. त्याच्या बारक्या काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफायच्या, माळ डोक्यावर ठिवायची. कावीळ उतरंल तशी माळ लांबती; डोक्यावरनं गळ्यात, गळ्यातनं बेंबीपातूर. त्या साली लोकं उजाडल्यापासनं माझ्या दारात बसायची. आणि मोजणीबाई घरोघर "कावीळ हाय का?" म्हणून इचारायची, तर सगळी मान हलवायची. माळ गळ्यात असताना रोगाचं नाव काढलं तर माळ लागू पडत न्हाय, असा नेम. नेमबी माझाच.

मग तिनं घरं सोडली आणि माझ्या दारात यून बसली.

"आक्का, रोगाचं नाव घिऊ नका. माळ कुणाकुणाला घातलासा, तेवढंच सांगा."

मी साळंत दुसरीबी पास न्हाय. पण कुणाला माळ घातली ते इसरत न्हाय. चुलीम्होरं चिंचोके हुते. मी घर सांगायची, ती एका माळंला एक चिंचोका भुईवर ठिवायची. दुपारपातूर आख्खी गल्ली भुईवर उठली. वरच्या अंगाला एकबी चिंचोका न्हाय. गटाराच्या कडंनं मात्र रांग.

"काय दिसतंय, आक्का?"

"नळ," म्हटलं मी. "पायप गटारातनं जाती, तिथनं म्होरं समद्या माळा."

तिनं ती गल्ली कागदावर उतरून घितली. मग म्हणली, "मला हे शिकायला पाच वर्सं लागली."

एक चिंचोका मी सांगितला न्हवता. माझ्याच घरचा. सून सहा म्हैन्यांची पोटुशी, पदराखाली माळ. पर मोजणीबाईनं तिचं डोळं बघितलंच. म्हणली, "आजच्या आज दवाखान्यात न्या. पोटुशीला ही कावीळ लई वाईट."

"माळ लांबतीया," म्हटलं मी. "उतरतीया तिची."

ती वाद घालत बसली न्हाय. एक नवी माळ मागून घिऊन गेली. चार दिसांनी परत आली तर माळ हातात, गुडघ्यापातूर लोंबतीया.

"हापिसात खिळ्याला टांगलीवती. खिळ्यालाबी कावीळ झालती बघा, आक्का. उतरली."

माझं डोकं भणाणलं. "माझ्या आईची थट्टा करतीस व्हय गं?"

"थट्टा न्हाय. काड्या वाळत्यात, बारीक हुत्यात, गाठी ढिल्या हुत्यात. म्हणून माळ लांबती. तुमच्या आईचा दोष न्हाय. तिला कुणी खिळ्याला टांगून दावलं न्हवतं."

मी आत गेले. सुनंच्या गळ्यातनं माळ काढली आणि तिला रिक्षात बसवली.

सून वाचली. पोटातलं पोर गेलं. चार दिस आधी नेली असती तर काय झालं असतं, ते डाक्टर बोलला न्हाय, मी इचारलं न्हाय. मोजणीबाईनंबी कवा तोंडातनं काढलं न्हाय. ते माझं हाय, मी वागवतीया.

हापिसातला साहेब म्हणाला, लोकांनी जत्रंत कायबाय खाल्लं असंल, पायप चांगली हाय. माळवाल्या म्हातारीची यादी त्यो मानंना. मग मोजणीबाई मला आणि चिंचोक्याची पिशवी घिऊन थेट त्येच्या खोलीत शिरली.

"ही कोण?" साहेब म्हणाला.

"हे माझं रजिस्टर, सर."

मी फायली बाजूला सारल्या आणि काचंच्या टेबलावर गल्ली मांडली. "ह्यो नळ. हे गटार. ही पारव्वा, पाय अधू, दारातनं उठत न्हाय ती. ही सुताराची दोन पोरं. आणि ही माझी सून. ह्यातलं जत्रंला कोण गेलतं, इचारा की मला."

साहेब कानडीत तिच्यावर वरडला. तिनं उत्तर मराठीत दिलं, मला कळावं म्हणून. "सर, यादीखाली माझी सही हाय. खोडायची तर तुम्ही खोडा, तुमच्या सहीनं."

खोडायला कुणाचा हात उचलंना. आठव्या दिवशी पायप उकरली. आत बोट जाईल एवढं भोक.

यादीत तिनं माझ्या नातवालाबी घातलावता. नाव ठिवलं न्हवतं, म्हणून "आक्काचा नातू" असं लिवलं. पोटातलं मोजत न्हाईत, म्हणून साहेबानं सांगितलं. ती म्हणली, "मोजत नसाल. गेलंय तर खरं." ती ओळ काय तिनं काढली न्हाय. दोन म्हैन्यांत तिची बदली झाली, लांब, जिथं मराठीचं अक्षर कानावर पडत न्हाय तिथं. जाताना माझ्या पाया पडाय वाकली, तर मी हात धरला. माझ्या पाया पडावं असं मी काय केलं न्हवतं.

तिच्या माघारी एक नवा आला, कागद घिऊन. म्हणाला, "आजी, हितं अंगठा द्या. जत्रंतल्या खाण्यानं झालतं, आता समदं बरं हाय, असं लिवलंय."

"वाच," म्हटलं. त्यानं कानडीत वाचला. तेवढी कानडी मला कळती. खाली आजाऱ्यांची नावं, त्यात सून हुती. नातू न्हवता.

"त्याला लिव आधी. आणि जत्रा खोड, तिथं नळ लिव."

"आजी, पोटातल्याला रकाना न्हाय हो कागदात."

"मग आख की," म्हटलं मी. "बसलीया मी हितं."