कानपिळीची डीव्हीडी

दोन महिन्यांत मी दोन डीव्हीडी ड्राइव्ह फोडले. राग माझ्या नाकावर असतो असं लोक म्हणतात, पण तो असतो हातात. हात आधी चालतो आणि डोकं मागून धावत येतं. चहाचे कप, टीव्हीचा रिमोट, न्हाणीघराच्या दाराची कडी, सगळ्यांनी माझा मार खाल्लाय. बायको म्हणते, या घरातल्या वस्तूंना म्हातारपण माहीत नाही.

ड्राइव्ह आणला होता आईच्या आवाजासाठी. आई गेल्यावर तिचे फोटो ढिगाने निघाले, पण आवाज कुठेच नव्हता. फोनवर ती दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची आणि कुणी कॅमेरा समोर धरला की पदर तोंडाशी न्यायची. एकदा जेवताना मुलीने विचारलं, "आजी बोलायची कशी?" मी नक्कल करायला तोंड उघडलं आणि तसाच बसून राहिलो. आईचे शब्द सगळे आठवत होते, आवाज जात चालला होता.

मग ताईच्या लग्नाची डीव्हीडी आठवली. लग्न सावनेरला, आईच्या माहेरगावी झालं होतं. फोटोग्राफरने दोनच प्रती दिल्या होत्या, एक आमच्याकडे आणि एक नवरदेवाकडे. फोटोग्राफरचं दुकान कधीच बंद पडलंय, मी चौकशी करून आलो, त्याचे कॉम्प्युटरसुद्धा भंगारात गेले. म्हणजे आमच्या गोदरेजच्या कपाटात, आईच्या लुगड्यांखाली ठेवलेली ती एक चकती, एवढाच आईचा आवाज शिल्लक होता.

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नवऱ्याचं घर सोडून आली त्याला आता सात वर्षं झाली. आमच्याकडेच असते, रामदासपेठेतल्या दवाखान्यांत पेशंटजवळ बसणाऱ्या लोकांना डबे करून देते. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिचा नवरा कोराडीला वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचा. दोरीवरच्या कपड्यांवर राख बसली म्हणून त्याने तिला मारलं, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मारलं, काही झालं नाही तेव्हा गप्प का म्हणून मारलं. एकदा कुकरच्या झाकणाने, एकदा पट्ट्याच्या बकलाने. शेवटी त्याने कानाखाली अशी वाजवली की पडदा फाटला आणि उशीभर रक्त गेलं. कुणालाही सहज "कानाखाली जाळ काढीन" म्हणणारी आमची माणसं त्या उशीकडे पाहून खाली मान घालून उभी राहिली.

आणि मी? बाबा लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरचा पुरुष मीच. कान फुटायच्या आधी दोनदा मी आईला घेऊन कोराडीला गेलो होतो. घरात रिमोट फोडणारा मी तिथे सोफ्याच्या काठावर शेपूट घालून बसलो. त्याच्या हातचा चहा प्यायलो. "सांभाळून घ्या भाऊजी," म्हणालो आणि दोन्ही वेळा ताईला तिथेच ठेवून परत आलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, पण ताईला सांगायची गरजच नाही, ती तिथेच दारात उभी होती.

तर ड्राइव्ह. आताच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते, म्हणून मी एक पातळ, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डिस्क घातली की तो घर्र घर्र करायचा, मग खडखड करायचा आणि कॉपी पंधरा टक्क्यांवर अडकायची. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी मी त्याच्यावर मूठ मारली. दुसरा जरा बऱ्या कंपनीचा घेतला. तो चाळीस टक्क्यांपर्यंत जायचा आणि आपोआप ट्रे बाहेर काढायचा, जीभ काढून वेडावल्यासारखा. त्याला मी गच्चीवरून खाली टाकला. डिस्क आधी काढून ठेवली होती, एवढी अक्कल शाबूत होती.

रामदासपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. वयस्क माणूस. त्याने डिस्क उजेडात तिरपी धरली आणि बराच वेळ पाहिली.

"भाऊ, हे झिजलेली नाही. घासलेली आहे, जानबूझकर. पहा, रेघा गोल गोल आहेत. आडवी रेघ असली तर ड्राइव्ह तिले ओलांडून पुढं जाते. गोल रेघेत त्याची वाटच हरवते."

त्याने मला मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बसणारा जाड ड्राइव्ह दिला, डब्यात घातलेला, स्वतःच्या वेगळ्या अॅडॉप्टरवर चालणारा. पातळ ड्राइव्हला लॅपटॉपकडून वीज पुरत नाही म्हणे. सॉफ्टवेअरही त्यानेच टाकून दिलं. साधी कॉपी पहिल्या खराब जागेला हात टेकते. हे सॉफ्टवेअर खराब जागा सोडून बाकीचं आधी गोळा करतं, मग राहिलेल्या जागांकडे परत येतं आणि सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून पाहतं. डिस्क कशी पुसायची तेही त्याने दाखवलं, मधून काठाकडे, सरळ.

"आणि आयका," तो म्हणाला. "आधी पूर्ण कॉपी होऊ द्या, मग पहा. घाई करू नका. असली डिस्क किती वेळा वाचली जाईन याचा काही भरोसा नाही. कॉपी झाली का नव्या डिस्कवर कमी स्पीडनं लिहा. दोन बनवा, दोन वेगळ्या घरी ठेवा."

मी हो हो म्हणालो, पण माझं डोकं 'जानबूझकर'वरच थांबलं होतं. गणपतीच्या मखराला मुलीने जुन्या सीडींवर टिकल्या आणि मणी चिकटवले होते, ते डोळ्यांसमोर आलं. घरी पोचेपर्यंत मी वाटेत तिला चार वेळा मनातल्या मनात झोडपलं होतं.

रविवारची दुपार होती. मुलगी गॅलरीत चित्र काढत बसली होती. मी डिस्क तिच्या तोंडासमोर धरली. "हे तूच केलं ना?" ती "नाही बाबा" म्हणेपर्यंत माझा हात बसलाही. अकरा वर्षांची पोर. ती गॅलरीच्या गजावर आदळली आणि कान धरून खाली बसली. रडलीही नाही, नुसती पाहत राहिली. मी दुसऱ्यांदा हात उचलला तो मागून कुणीतरी पकडला. ताई होती. तिची बोटं कणकेने भरलेली होती आणि मनगटात इतकी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काहून मारून राहिला तिले? मीनं घासली ते. तारेच्या घासणीनं. कोराडीवून आली त्याच हप्त्यात. मार मले."

माझा हात तिने सोडला नाही, झटकून टाकला. मुलीला उठवलं, तिचा कान उजेडाकडे करून तपासला, पाणी पाजलं. मला लाज वाटली, खरंच वाटली, पण माझी लाजसुद्धा आरडाओरडा करतच येते. "अगं, आई आहे ना त्याच्यात!" मी ओरडलो. "तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही, समजते का तुले?"

"माहीत आहे," ताई म्हणाली. "निघते का अजून काही त्याच्यातून?"

मी ड्राइव्ह जोडला. सॉफ्टवेअरने डिस्कचा नकाशा दाखवला, बरेच हिरवे चौकोन आणि मधे लाल पट्टेच पट्टे. पूर्ण कॉपीला सहा तास लागतील असं खाली आलं. सहा तास थांबणं माझ्या रक्तात नाही. एक हिरवा तुकडा निवडला आणि कॉपी न करता सरळ डिस्कवरूनच चालू केला.

चित्र फुटत होतं, पण कळत होतं. कानपिळी चालली होती. आमच्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, ही तंबी. मग नवरदेव त्याला कपडे देऊन त्याचा रुसवा काढतो. पडद्यावर मी होतो, कोवळ्या मिशीतला, नव्या शर्टातला. त्याचा कान माझ्या हातात होता. मामा ओरडत होते, "पिळ ना गा, पिळ जोरात!" आणि तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, आई बोलली.

"हळू गा बाबू, हळू. लागन ना त्यायले."

आणि हसली. पडद्यावर मी त्याचा कान सोडला.

मी खुर्चीतच उडालो. आई! तीच, जराशी घोगरी, 'गा' लांबवणारी. बायको धावत आली, मुलगी दाराशी आली. ताई येऊन स्पीकरजवळ उजवा कान करून बसली. मी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी वेड्यासारखा हसत होतो. चौथ्यांदा लावणार तोच ताई बोलली, पडद्याकडे पाहतच.

"तोही हेच लावे."

"कोण?"

"त्याच्या घरची डीव्हीडी. मारून झालं का टीव्ही लावे. मले केसाले धरून समोर बसवे. म्हणे, आयक, तुयी माय काय म्हणते. हळू, लागन त्यायले. मंग हसे. कान फुटला त्या दिवशीबी लावलं होतं. या कानानं आयकलेलं शेवटचं हेच हाय."

पुढे ती आणखी काही म्हणाली. तिचे ओठ हलताना मला दिसले, पण माझ्या डोक्यात कोराडीचा तो सोफा होता, तो चहा होता, आणि माझ्या चिमटीतला त्याचा कान होता, जो मी तेव्हा उपटून हातात द्यायला हवा होता. मी ट्रे उघडला. डिस्क दोन्ही हातांनी वाकवली. ती आधी नुसती वाकते, लवकर मोडत नाही. मग कडकन गेली आणि तिच्या फाका तळहातात घुसल्या. तेवढ्याने माझं भागलं नाही. तुकडे घेऊन ओट्यापाशी गेलो आणि वरवंट्याने ठेचत सुटलो. चंदेरी पापुद्रे उडत होते, माझं रक्त पाट्यावर पसरत होतं आणि मी ओरडत होतो, "संपलं! आता कोणी नाही लावणार तुले हे! कोणीच नाही!" मुलगी बायकोच्या मागे लपली होती. ती माझ्याकडे कशी पाहत होती ते मी सांगू शकत नाही.

थांबलो तेव्हा ताई शेजारी उभी होती. तिने वरवंटा माझ्या हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवेल. इतक्या वर्षांनी का होईना, भावाने काहीतरी केलं.

"तुले कोणं सांगितलं मोडाले?" ती म्हणाली.

मी ओट्यावरचे पापुद्रे एका बाजूला लोटू लागलो.

"मी इचारून राहिली होती तुले. बोलणं तेवढं कापून टाकता येते का, म्हटलं. मंग आई हसली ना, ते हसू ठेवता येते का. दोनदा इचारलं. तू आयकलंच नाही."

येतं. ते सॉफ्टवेअर कापून ठेवतं, पाच मिनिटांचं काम होतं. दुरुस्तीवाल्याचं ऐकून आधी कॉपी केली असती तर मोडूनही काही बिघडलं नसतं. मी हे तिला सांगितलं नाही, पण तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

तिने खाली बसून पापुद्रे गोळा केले, एकेक, पदरात. माझ्या हाताला फडकं बांधलं, घट्ट. मग दुसरीकडेच पाहत, साध्या आवाजात बोलली.

"आता आई फक्त त्याच्या घरात बोलते."