नदीतून आलेला विळा

बाजाराच्या टोकाला सार्मिदी बसायचे, वडीलधारे म्हणून सगळे त्यांना 'पाक' म्हणायचे, आणि त्यांच्या शेजारी माझी टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची पाटी. गंजलेले विळे, कुदळी, छिन्न्या ते नारळाच्या आंबलेल्या पाण्यात भिजत घालत, मग तुसाच्या राखेने घासत. हत्यार मेलेल्या माणसाचं असेल तर त्या पाण्यात मोगऱ्याची फुलं टाकायची. जिवंत माणसाच्या हत्याराला फुलाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, असा त्यांच्या घराण्याचा नेम. आम्ही त्यांची टर उडवायचो आणि घरची हत्यारं मात्र गुपचूप त्यांच्याकडेच द्यायचो.

वाळू काढणाऱ्यांना नदीत एक विळा सापडला. मूठ कुजलेली, पात्यावर गंजाचे पापुद्रे. तो घेऊन लास्त्री सार्मिदींकडे आली. तिचा नवरा पारजान मागच्या पुरात शेळ्यांना गवत आणायला नदीकाठी गेला, तो परतलाच नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे सुमात्राला पळाला आणि तिथे दुसरी बाई ठेवली. लास्त्री त्या दुसऱ्या बाईला शिव्या घालायची आणि ती असेल तर तोही जिवंत असेल, याच भरवशावर जगायची. मयताचं जेवण तिने घातलंच नव्हतं. पारजानच्या विळ्याला पात्याच्या बुंध्याशी दोन खाचा होत्या. गंज निघाला की कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि घमेल्यापाशी थबकली. काळ्या पाण्यावर मोगरा तरंगत होता.

"पाक, फुलं कुणी टाकली?"

सार्मिदींचा चेहरा उतरला. "नदीतलं लोखंड ना, हाताला सवय झालीय. चुकलं माझं, पोरी."

"खाचा दिसल्या नाहीत अजून, आणि तुम्ही त्याला मारूनही मोकळे झालात."

तिने एकेक फूल वेचून बाहेर टाकलं. मला त्या पाण्याकडे बघवेना. खाली कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटत होतं.

सार्मिदी विळा काढून राखेने घासू लागले. बुंध्याशी एक खाच उघडी पडली, मग दुसरी.

"त्याचा नाही हा," लास्त्री म्हणाली. "त्याच्या खाचा तिरप्या होत्या."

"बरं," म्हणत सार्मिदींनी तेलाची चिंधी उचलली.

तिने त्यांचा हात धरला. "तेल नको. असाच ठेवला तर गंज पुन्हा कधी चढेल, पाक?"

"या हवेत? लवकरच चढेल."

"मग पुसू पण नका. ओलाच द्या."