दुपारी झोपणाऱ्यांचं गाव

आमच्या थोरल्या बाईंना बसून चहा पिताना मी कधी पाहिलंच नाही. थोरल्या बाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. कपबशी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवायच्या, एक घोट घ्यायच्या, म्हशीला पेंड टाकायच्या आणि येऊन दुसरा घोट. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पहाटे दूध डेअरीवर गेलं पाहिजे, मग कांद्याचं रान, मग परत धारा. चाळीस वर्षं बाई उभ्याच होत्या म्हणा ना.

अशा बाईला हौस कसली असावी? गोठ्याच्या दारामागे त्यांनी पशुखाद्यवाल्याच्या कॅलेंडरचं एक पान खिळ्याला अडकवलं होतं. वर्ष सरलं तरी काढलं नाही. चित्रात नारळीची झाडं, बंदर, बांधून ठेवलेल्या होड्या आणि एका होडीत जाळ्यावर आडवा झालेला माणूस. "बघ गं धाकटे," मला म्हणायच्या, "भर दुपारी झोपलाय, अन् कुनी त्याला हाक मारीना. असल्या गावाला एकदा जायचं. नुसतं बघून यायचं."

चित्राखाली गावाचं नाव नव्हतं. मग काय, कुणी समुद्राकडून आलं की बाईंचा एकच सवाल, "तिथली मानसं दुपारची काय करत्यात?" शेजारणीचा जावई मंगळूरला नोकरीला. तो कौतुकाने म्हणाला, "आम्ही पाचलाच उठतो." बाईंनी तोंड फिरवलं. "मग आमचा गोठा काय वाईट हाय?"

शेवटी गाव सापडलं ते त्यांच्या भाच्यामुळे. तो कांद्याचा ट्रक घेऊन कोचीला जायचा. एकदा आला तो चिडूनच. "आत्या, लई निवांत मानसं! हमाल चहा पिऊन येतो म्हनून गेला, तो दोन तासांनी उगवला. वर मलाच हसतोय, कांदा काय पळून चाललाय का!"

बाईंनी पदर सावरला. "ठरलं धाकटे. हेच गाव."

घरातून कुणी नाही म्हटलं नाही. मी बरोबर असले की झालं. पण आमच्याकडे बायका घर सोडतात त्या देवाला जायला. भजनी मंडळाच्या बायकांनी मला ओट्यावर गाठलं. "दोघी जावा कुठं निघाल्या?"

"कोचीला."

"तिथं देव कोनचा?"

काय सांगू? होडीत झोपलेला माणूस बघायचाय? मला लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, "तसं न्हाई, रामेश्वर करायचं चाललंय." झालं! त्यांनीही नावं दिली, यात्रेची बस भरली. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "तिथं समुद्र हाय ना?"

समुद्र होता. पण जाऊ तिथे रांग आणि मागून "चला, चला". रामेश्वरला स्नान झालं आणि बाई ओल्या लुगड्यानिशी वाळूत बसल्या. सगळं अंग सैल सोडून बसलेल्या बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. समोर होड्या बांधलेल्या. "धाकटे, बस की जरा." तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. "बाई, गाडी जाईल!" म्हणत मीच त्यांना हाताला धरून उठवलं हो. मीच.

"पुढच्या वर्षी कोची नक्की," असं मी म्हणत राहिले. एका वर्षी कांद्याची काढणी आडवी आली, एका वर्षी नातीचं लग्न. मग बाईंना अर्धांगाचा झटका आला. नगरच्या दवाखान्यात एका दुपारी मी उशाशी होते. डोळे उघडून जड जिभेने म्हणाल्या, "बघ, दुपारची झोपले. कुनी हाक मारली न्हाई." आठवड्याने गेल्या.

परवा बाईंचा तोच ट्रकवाला भाचा आला, मला म्हणाला, "मावशी, तुमी तरी चला." कोचीचं तिकीट काढलंय. कॅलेंडरचं पान घडी करून पिशवीत ठेवलंय. ओट्यावर त्याच बायका, तोच प्रश्न, "तिथं देव कोनचा?"

"कोनचाच न्हाई," मी म्हटलं. "दुपारी झोपलेली मानसं बघायला चाललेय."

मला वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. त्यांच्यातली एक रुसून म्हणाली, "अगं, मग आमाला न्हाई व्हय विचारायचं?"

एवढंच होतं बघा ते. बाई असताना मला एवढंच म्हणता आलं नाही.