पितृपक्ष पाळणारी गाडी

माझ्या नावावर एक पांढरी चारचाकी आहे. तिच्यात मी आजवर एकदाच बसले आहे; तेही शोरूममध्ये, हार घालून फोटो काढण्यापुरती.

गाडी घेतली माझ्या धाकट्या भावासाठी, संतूसाठी. मी संगमनेरला एका दूध संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. कॅनमधल्या दुधात पाणी किती, हे मी यंत्र लावायच्या आधीच सांगू शकते. (यंत्र लावल्यावर ते खरं निघतं. गवळी मला टरकून असतात.) संतू आमच्या माहेरी, श्रीगोंदा तालुक्यात शेती करतो. ऊस आहे, कांदा आहे, बोअरला पाणी आहे, स्वभाव लाखात एक. पण छत्तिशी आली तरी लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे लोक आधी विचारायचे, "चारचाकी आहे का?" मग नोकरीचं विचारायचे आणि चहा पिऊन झाल्यावर मुलाचं नाव.

तर त्या वर्षी भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. ताटात ओवाळणी टाकायच्या ऐवजी त्याने माझा हातच धरला.

"ताई, एक काम हुतं."

"बोल की."

"तुझ्या नावावर गाडी घेऊ. हप्ता मी भरतो. नुस्तं नाव तुझं."

"तुझं नाव काय वाईट आहे?"

"मला लोन देत न्हाईत गं. दिल्याच्या मोटरसायकलला जामीन राहिल्तो. त्यानं एक हप्ता भरला न्हाई. तवापासनं माझं सिबिल पार बसलंय."

दुसऱ्यासाठी सही करून बुडालेला माणूस मला दुसऱ्यासाठी सही करायला सांगतोय, हे कोणत्याही शहाण्या बाईच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. आमच्या ह्यांच्या आलं! ते काही बोलणार, तेवढ्यात मी त्यांच्या तोंडात करंजी घातली.

गाडी आली आणि दोन महिन्यांत संतूचं लग्न जमलं. भावजय गुणाची निघाली. लग्नात मी अशी मिरवले, की जणू गाडी मीच चालवत आणली होती. पहिले काही हप्ते वेळेवर माझ्या खात्यात आले. मग एकदा फोन आला, "ताई, येवढ्या महिन्याचं तू बघ." मग पुढच्या महिन्याचंही मीच बघितलं. मग फोनच लागेना.

पण एक गोष्ट संतू विसरला होता. टोलनाक्याच्या फास्टॅगला मोबाईल नंबर माझा होता! गाडी कुठल्याही नाक्यावरून गेली, की माझ्या फोनवर टुण्ण करून मेसेज यायचा. (टोलही माझ्याच खात्यातून कापला जायचा, पण ते दुःख वेगळं.)

एका रविवारी संतूने चुकून फोन उचलला.

"संत्या, हप्त्याचं काय?"

"ताई, कांद्याला भाव न्हाई गं. गाडी तर दारातच उभी हाय. डिझेल कुठनं टाकू?"

"नक्की दारात आहे?"

"व्हय तर! म्या आत्ता तिला टेकूनच उभा हाय."

टुण्ण! गाडी नगरच्या पलीकडच्या नाक्यावरून गेली. म्हणजे आमचा संतू तिला टेकून चांगलाच पळत असणार.

त्या दिवसापासून आमच्या घराला छंदच लागला. गाडी आज कुठे? एका रविवारी नाशिकच्या बाजूला, पुढच्या रविवारी सोलापूरच्या, मध्येच एखाद्या गुरुवारी पुण्याकडे. जेवताना मेसेज आला, की घास हातात धरून सगळे माझ्या फोनकडे बघायचे. माझा राग खरा होता, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त उत्सुकता होती. हा पठ्ठ्या जातो कुठे?

"भाड्याने फिरवत असेल," मी म्हणाले.

"मग अमावास्येला का नाही फिरवत?" हे म्हणाले.

ह्यांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं आणि चष्मा लावला. खरंच की! गाडी अमावास्येला कधीच हलत नव्हती. आणि पितृपक्षात तर पंधरवडाभर एकही मेसेज नाही. घटस्थापनेला मात्र सकाळीच टुण्ण!

"सुनंदा, तुझी गाडी पितृपक्ष पाळते," हे म्हणाले. "आपल्या घरात एवढं धार्मिक कुणी नाही."

मग आलं सिग्नल तोडल्याचं चलन, फोटोसकट. फोटोत गाडी माझी, पण चालवणारा भलताच! शेजारी लाल फेटा बांधलेले एक म्हातारे, मागे दाटीवाटीने बसलेल्या चार बायका. त्यातल्या एकीच्या मांडीवर मिठाईचा खोका. मी फोटो संतूला पाठवला आणि विचारलं, हे कोण? त्याचं उत्तर आलं: "देवमानसं हायती." बस्स. माझं डोकं फिरलं. मी संतूशी अबोला धरला आणि त्याहून मोठा शहाणपणा केला. ज्या खात्यातून हप्ता कापला जायचा, ते खातं रिकामं केलं. वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले, तेव्हा त्यांना गोड आवाजात म्हटलं, "गाडी माझ्याकडे नाही हो भाऊ. पण माझ्या दारात आली, की मी स्वतः फोन करते. खुशाल ओढून न्या. एकदा त्याला अद्दल घडू दे."

त्याच सुमारास आमच्या ऋतुजाला एक स्थळ आलं. ऋतुजा म्हणजे आमची एकुलती एक. फार्मसी झालेली, औषधाच्या दुकानात कामाला आणि नाकाचा शेंडा जन्मतःच थोडा वर! तीन वर्षांत तिला एकही मुलगा पसंत पडला नव्हता. एकाला तर तिने तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून खातो म्हणून नाकारलं. पण या मुलाचा, सागरचा, फोटो तिने बघितला, परत दिला आणि अर्ध्या तासाने पुन्हा मागितला! माझ्या काळजाने ठेकाच धरला. मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता (म्हणजे आमच्याच जातकुळीतला), बागायत शेती होती, आणि बायोडाटात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: स्वतःची चारचाकी.

"गाव तर संतूच्या शेजारचंच आहे," हे म्हणाले. "त्याला विचार ना, माणसं कशी आहेत."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"अगं, मामा आहे तो मुलीचा. निदान कार्यक्रम आहे एवढं तरी कळव."

"आधी हप्ते. मग मामा."

रविवारी अकराला पाहुणे यायचे होते. सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात टुण्ण! संतूच्या बाजूच्या नाक्याचा मेसेज. हे म्हणाले, "निघाली बघ आपली गाडी." आम्ही हसलो. तासाभराने पुन्हा टुण्ण, आणि हा नाका आमच्या संगमनेरजवळचा, पुणे रस्त्यावरचा!

"अहो! संतू येतोय! कुणीतरी सांगितलं असणार त्याला. भाचीसाठी येतोय!"

माझे डोळे भरून आले. (कांदाही होता.) आणि भरल्या डोळ्यांनी मी वसुलीवाल्यांना फोन लावला. "भाऊ, गाडी आज माझ्या दारात येतेय. लगेच या."

"अगं, पाहुणे यायचेत!" हे ओरडले.

"संतू आत्ता पोचतो. पाहुण्यांच्या आधी गाडी गेलेली असेल. मग त्याला मी पोटभर पोहे वाढते."

दहाच मिनिटांत गाडी दारात उभी राहिली. पांढरी, माझी, माझ्याच नंबरची. मी लाटणं घेऊन बाहेर धावले. दार उघडलं आणि आतून उतरले कडक टोपीवाले एक गृहस्थ, त्यांच्या मिसेस, मुलाचे मामा आणि शेवटी फोटोतला सागर!

"आलो जरा लवकर," टोपीवाले हात जोडून म्हणाले. ते मुलाचे वडील होते. "गाडी दारात असली की कसं, यस्टीची वाट बघावी लागत न्हाई."

माझ्या हातातलं लाटणं मी पाठीमागे धरलं आणि म्हणाले, "या, या."

बैठकीत मी पोहे दिले. ऋतुजाने गाडी खिडकीतून बघितली होती आणि ती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. आणि आमचे हे! अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण ह्यांना तेव्हाच उत्सुकता!

"गाडी छान आहे हो," हे म्हणाले. "केव्हा घेतली?"

"झालं की वरीस-दीड वरीस."

"हप्ता किती बसतो?"

"छ्या! आमी हप्त्याच्या भानगडीत पडत न्हाई. रोख घेतली."

मला ठसका लागला. तेवढ्यात फाटकाशी एक मोटरसायकल थांबली आणि दोन आडदांड माणसं उतरून थेट गाडीच्या मागे जाऊन नंबर वाचायला लागली. गाडी ओढली गेली असती, तर ह्या माणसांची माझ्या दारात शोभा झाली असती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पोरीने दोनदा बघितलेला फोटो कायमचा परत गेला असता. तेही मीच फोन करून बोलावलेल्या माणसांमुळे!

"तुम्ही दोघं गच्चीवर जाऊन बोला," मी सागर-ऋतुजाला म्हणाले आणि पर्स घेऊन बाहेर पळाले.

"भाऊ, किती थकलंय? सगळं भरते. आत्ता, मोबाईलवरून. पण गाडीला हात लावू नका."

"बाई, तुमीच तर फोन केलता ओढायला!"

"मीच मूर्ख. बोला लवकर."

ऋतुजाच्या शालूसाठी ठेवलेले पैसे दोन मिनिटांत गेले. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "कोन हायती वो ताई हे?" टोपीवाले माझ्या मागेच उभे होते!

"हे ना? हे... गाडी धुवायला आलेत," मी म्हणाले. "आमच्याकडे पद्धत आहे. पाहुण्यांची गाडी धुऊनच परत पाठवायची."

"वा! लई चांगली पद्धत," टोपीवाले खूश झाले आणि धुणं बघायला तिथेच पायरीवर बसले.

मी वसुलीवाल्यांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून एक पाचशेची नोट काढली. मग त्या दोघांनी बाह्या वर केल्या, आणि आमचे हे मुकाट्याने बादली भरून घेऊन आले. गाडी ओढून न्यायला आलेली माणसं तिचे टायर घासत होती आणि टोपीवाले सांगत होते, "त्या मडगार्डाखाली चिखल राहिला बघा."

पाहुणे चकचकीत गाडीतून परत गेले, आणि मी सोफ्यावर अंग टाकलं.

"काय बोललात गं गच्चीवर?"

ऋतुजा पदराशी खेळत होती. (ऋतुजा! पदराशी!) "तो पहिल्यांदा हेच म्हणाला, 'एक सांगतो, खाली धुतायत ती गाडी आमची नाही.'"

"मग तू?"

"म्हटलं, माहितीये. आमची आहे."

"अगं बाई! मग?"

"हसत सुटला. मग खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, 'मग तुमचे बाबा बादली घेऊन का पळतायत?'" आणि ती लाजली. मी इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा लाजताना बघितलं. शालूचे पैसे गेल्याचं मी तेव्हाच विसरले.

मग मी अबोला मोडून संतूला फोन लावला. भरपूर ओरडले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ते तुझ्याकडं चाललेत हे मला काय म्हाईत? तू सांगितलंस का मला भाचीचं?"

हे त्याचं बरोबर होतं.

"अगं, माझं जमलं ते गाडीमुळं. आसपास लग्नाची लई पोरं राहिल्यात. मुलगी बघायला जायचं म्हन्ले, की माझ्याकडं येत्यात. गाडी शुभ हाय म्हन्तेत. न्हाई कसं म्हनू? पैसं बी घेत न्हाई म्या कुनाकडनं."

"संत्या, घेत जा! हप्ता कोण भरतंय?"

"तूच की," तो मायेने म्हणाला. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट भरूनच आलं.

साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांना सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, ओशाळतील. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "म्हंजी आमी खोटं बोललोच न्हाई. गाडी घरचीच निघाली!"

लग्न थाटात झालं. मामा म्हणून संतू वेळेवर आला, पण एसटीने.

"गाडी कुठाय?" मी त्याला मांडवामागे गाठलं. "पोरीला सासरी न्यायला सजवायचीय ना!"

"ताई, आज तिथी लई चांगली. दिल्यानं दोन महिन्यांपूर्वीच सांगून ठेवल्ती. मुलगी बघायला गेलाय."

"कोण दिल्या? मोटरसायकलवाला?"

"तोच. त्याचं बी जमाया नको का?"

शेवटी माझ्या पोरीची पाठवणी भाड्याच्या गाडीतून झाली, आणि भाडं मी दिलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेवढ्यात पर्समध्ये टुण्ण वाजलं. टोल कापला होता. मी मेसेज वाचला आणि पदर डोळ्यांना लावला. सगळ्या बायका मला धरायला धावल्या. त्यांना वाटलं, पोरीसाठी रडतेय.