ठमी धवलेरीची जीभ

मंगळवार, ता. ७ मार्च १९६७. वारा पश्चिमेचा. पानवेलींना पहाटे पाणी दिले. ठमीने आठ टोपल्या पाने खुडली, पण दिवसभरात एक शब्द बोलली नाही. यांना खोकला. अणुवीज प्रकल्पाच्या ट्रकांची धूळ ओसरीपर्यंत आली. तोंड: सकाळी बरे, दुपारनंतर वाईट.

हंसाबाई सावे यांच्या वहीत 'तोंड' हा शब्द वर्षभर रोज येत होता, आणि त्याचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नव्हता. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरने तिला रोजनिशीचा एकच नियम शिकवला होता: काय वाटले ते लिहू नकोस, काय घडले ते लिही. वयाच्या बाराव्या वर्षापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत तिने तो पाळला. लग्न, तीन बाळंतपणं, सासूचं मरण, सगळं एकेका ओळीत बसलं होतं. मग गेल्या साली पाळी थांबली आणि थोड्याच दिवसांत जिभेचं टोक जळायला लागलं. कढत चहाने पोळावं तसं, पण चहा न पिता. आरशात पाहिलं तर ना फोड, ना जखम. दुपार कलली की तोंडात पितळेची चव यायची, आणि रात्री जेवायला बसेपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली असायची. हे कोणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं? तिने लिहिलं, 'तोंड: वाईट', आणि वही मिटली.

बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर सावे मंडळींची पानवेलीची वाडी होती. ज्या घरात दिवसाकाठी हजारो पानं खुडली जातात, तिथे तोंडाच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असतं. तोंड कोरडं पडलं, विडा खा. चव गेली, विडा खा. हंसाबाई आधी दिवसाला चार विडे खायची, आता दहा खाऊ लागली, आणि लाळ सुटावी म्हणून चुना जरा जास्त लावू लागली.

वाडीत वीस वर्षं पानं खुडणारी ठमी ही सरावलीच्या पलीकडच्या पाड्यावरची वारली बाई. अंगाने काटकुळी, बोटं मात्र वेलीच्या तणाव्यासारखी चपळ. वय विचारलं तर "तूच मोज" म्हणायची. ती सगळ्यांनाच 'तू' म्हणे. मालकाला, पोस्टमनला, देवालाही. आणि ती धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते ती गाऊन. पोथी नाही, कागद नाही. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाला हंसाबाई पाड्यावर गेली होती. ठमी सकाळी मांडवात बसली ती सूर्य कलेपर्यंत गात राहिली. धरतरी कशी झाली, भात कुठून आलं, मांडवाचा हा खांब कुठल्या रानात उभा होता आणि त्याला तोडताना कोणाची परवानगी घेतली, सगळं एकामागून एक, न अडखळता. ज्या हंसाबाईला धोब्याच्या कपड्यांचीही यादी करावी लागे, ती त्या दिवशी घरी परतताना वाटभर पहिलीच ओळ आठवत राहिली.

म्हणूनच ठमीचं गप्प बसणं तिला डाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पांगाऱ्याच्या सावलीत ठमी भाकर सोडून बसली होती, खात मात्र नव्हती. हंसाबाई शेजारी टेकली.

"ठमे, काल काय झालं होतं?"

"तोंड जळतंय, बाय. बोललं का वारा लागतो, वारा लागला का आजून जळतं."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. कोणाला दिसत नाय ना. बुधा बोलतो, दाव. मी जीभ काढून दावली, तर तो बोलतो, जीभ हाय की जागेवर." बुधा हा ठमीचा भाचा. ती जरा हसली आणि लगेच तोंड मिटलं. मग हळूहळू सांगू लागली. पंधरा दिवसांमागे एका लग्नात गाता गाता तिची जीभ टाळूला चिकटली. गाणं मधेच थांबलं. शेजारच्या पाड्यावरची मंगळी तिथे होती, तिने पुढे ओढून नेलं.

"लोक काय म्हणाले?"

"देव उठला हिच्या जिभंवरून, असं बोलतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी काय बोलू? सध्या माझाच तोंड माझ्याशी बोलत नाय."

पुढचं तिने भाकरीकडे बघत सांगितलं. बुधाच्या मुलीचं, कमळीचं, लग्न चैत्रात होतं. बुधाने होळीच्या पुनवेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर तोंड उघडलं नाही तर मंगळीला सांगावा जाणार. "एकदा दुसरी मांडवात बसली का मग मला कोण बोलवील? आणि मंगळीला आर्धाच गाणा येतो. भाताचा येतो, खांबाचा नाय येत. मी थांबले तर तो खांब रानातच ऱ्हायचा."

हंसाबाईने विचारलं, "तुझी पाळी येते अजून?"

"गेली. दोन सुग्या झाल्या."

"माझीही गेली," हंसाबाई म्हणाली. आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने ते वहीबाहेर काढलं. "माझंही तोंड जळतं, ठमे. अगदी असंच."

ठमीने तिच्याकडे पाहिलं. "तू तर लगीन लावत नाय. तुझ्या जिभंवरून कोण उठला?"

ठमीने कमरेची चंची सोडली, पान काढलं, अंगठ्याने जाड चुना फासला, अर्ध्यात तंबाखू घातली आणि बिनतंबाखूचं अर्धं पान हंसाबाईपुढे केलं. "घे. तेवढाच ओलं ऱ्हातं." दोघी शेजारी बसून चघळत राहिल्या.

संध्याकाळी हंसाबाईने लिहिलं, 'तोंड: फार वाईट.' पण त्या दिवशी तिने वही मिटली नाही. ठमीचा प्रश्न मनातून जाईना. ती एकेक पान मागे चाळत गेली. वाईट, वाईट, दुपारनंतर वाईट. आणि जानेवारीत तिचं बोट थांबलं. १८ तारीख: बरे. १९: बरे. २३: दुपारीही बरे. २६: आज आठवण झाली नाही. मग २९ला पुन्हा वाईट. असं काय होतं त्या दिवसांत? तिने वरच्या ओळी वाचल्या. १६ जानेवारीला यांचे काका गेले होते. तेरा दिवस घरात कोणी विडा खाल्ला नव्हता. सुतकात पानाचं तबक उपडं घातलेलं होतं, आणि २८ला तेराव्याच्या जेवणानंतर ते उलथून पुन्हा पुढे आलं होतं.

स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दौतीतल्या शाईने तिने हे लिहून ठेवलं होतं, आणि सदतीस वर्षांत आपल्याच वहीला काही विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

तरी तिने लगेच कोणाला सांगितलं नाही. आधी चार दिवस विडा बंद केला. मग एक दिवस खाल्ला, पुन्हा चार दिवस बंद. वहीने तेच सांगितलं. जळणं पार गेलं नाही, पण चुलीतल्या जाळाचा निखारा व्हावा तसं झालं.

दहाव्या दिवशी नवऱ्याने, पंढरीनाथांनी, तबक पुढे सरकवलं आणि तिने हात केला नाही. "सावेंची सून पान खात नाही, हे व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं तर कसं व्हायचं?" ते म्हणाले.

"तोंड जळतं माझं. वर्ष झालं."

"वर्ष? मग सांगायचं नाही?"

"काय सांगायचं?"

"तेही खरंच," पंढरीनाथ म्हणाले. पुढल्या बाजाराला ते पालघरला गेले आणि अरुंद गळ्याचा मातीचा एक खुजा घेऊन आले. तो तिच्या उशाशी ठेवून एवढंच म्हणाले, "पाणी गार राहतं म्हणे."

त्याच आठवड्यात हंसाबाई ठमीला घेऊन पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी दोघींना खिडकीपाशी उभं केलं आणि उजेडात दोन्ही जिभा पाहिल्या. बोटाने गालाच्या आत चाचपलं, ठमीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग म्हणाल्या, जखम नाही, भिण्यासारखं काही नाही. पाळी थांबते त्या वयात पुष्कळ बायकांना असं होतं, त्या बोलत नाहीत एवढंच. हळूहळू कमी होतं, केव्हा ते सांगता येत नाही. चुना, तंबाखू, तिखट, आंबट आणि ताडी बंद. दिवसभर थोडं थोडं पाणी. ठमीच्या अंगात रक्त कमी होतं, तिला लोहाच्या गोळ्या दिल्या.

"म्हणजे देव उठला नाय?" ठमीने विचारलं.

"मला जीभ तपासता येते, आजी. तेवढंच मी सांगते."

"मग तू बरी हाय," ठमी म्हणाली. "बाकीच्यांना सगळाच येतं."

चुना-तंबाखू सोडणं ठमीला सोपं गेलं नाही. लग्नाआधीपासूनची सवय. पहिले तीन दिवस ती वेलींशी भांडत होती, हंसाबाईशी भांडत होती. चंची रिकामी करून तिने तिच्यात भिजवलेले तांदूळ ठेवले. तल्लफ आली की दोन दाणे गालात धरायचे. लाळ सुटायची आणि जळत नव्हतं. सकाळी थंड पेज, दुपारी मिरचीशिवाय भाकर. "बाळंतिणीचा खाणा," ती कुरकुरायची, पण खायची.

होळी झाली. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी बुधा वाडीत आला, हातात टोपी.

"आत्ये, काय ते सांग. मंगळीला सांगावा धाडू?"

ठमीने पानं खुडायचं थांबवलं नाही. "तोंड आजून जळतंय."

हंसाबाई शेजारी पानं मोजत होती. तिला वाटलं, ठमी 'बरं झालं' म्हणून मोकळी झाली असती तर कोण बघायला येणार होतं?

"पण ओलं हाय," ठमी पुढे म्हणाली. "मधी मधी पाणी पीन."

"पाणी पीत गातात? तुझ्या आयशीनं कधी प्यालं?"

"माझ्या आयशीचा तोंड जळत नव्हता. तू पोरीचा लगीन बघ. गाणा मी बघते."

बुधा म्हणाला, "थांबलीस तर मांडवात माझी मान खाली जाईल."

"माझी वर ऱ्हाईल काय?" ठमी म्हणाली. बुधाने टोपी डोक्यावर घातली. मंगळीला सांगावा गेला नाही.

२७ एप्रिलला सकाळी हंसाबाई पाड्यावर पोहोचली. कडेवर भरलेला खुजा, पिशवीत वही आणि पेन्सिल. गाणं उतरवून घ्यायचं तिने ठरवलं होतं, म्हणजे काही झालं तरी ते राहील. भिंतीवर सुवासिनींनी पांढरा चौक लिहिला होता. एका म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे ताडीचा द्रोण ठमीपुढे धरला. तिने तो कपाळाला लावला आणि परत दिला.

"ताडीबिगर धवलेरी?" हंसाबाईच्या वहीकडे बघत म्हातारा म्हणाला. "मास्तरणीच्या नादी लागली ही."

ठमीने खुजा ओढून घेतला, पाण्याची पहिली धार भुईवर सोडली. "पहिला तुझा," धरतरीला म्हणाली. मग स्वतः एक घोट घेतला आणि सुरू केलं.

तिची रीत हंसाबाईला तेव्हा उमगली. ठमी एक ओळ गाई, मागच्या बायका तीच ओळ पुन्हा म्हणत, आणि तेवढ्यात ठमी ओठ भिजवी. इतकी वर्षं त्या मधल्या जागेत ती नुसती श्वास घेत होती. आता पाणी घेत होती, आणि गाण्याचा धागा कुठे तुटत नव्हता.

हंसाबाईने अकरा ओळी लिहिल्या. मग पेन्सिल मागे पडू लागली. एक ओळ लिहावी तोवर भात उगवलेलं असे, कापलेलं असे, कणसरी, भाताची देवी, घरात आलेली असे. तिने पेन्सिल वहीत ठेवून दिली.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा गाणं खांबापाशी पोहोचलं. हंसाबाईला ते शब्दांवरून नाही, बायकांच्या खांद्यांवरून कळलं. सगळ्या ताठ झाल्या होत्या. मागच्या लग्नात ती थांबली ती इथेच, आणि मंगळीने खांब गाळून पुढचं म्हटलं होतं. बुधा मांडवाची दोरी धरून उभा होता, ती त्याने हाताला गुंडाळून घेतली. ठमीने ओळ उचलली, आणि अर्ध्यावर तिचा आवाज बसला. ओठ हलले, शब्द आला नाही. कमळीने मान वर केली. ठमीने डोळे मिटले, चाचपत खुज्याचा गळा धरला, एक घोट तोंडात घेतला, आणि घाई न करता तो जिभेवर फिरवला. मग गिळला.

आणि खांब रानातून निघाला. तोडणाऱ्याने हात जोडले, झाडाने हो म्हटलं, चौघांनी खांद्यावर घेतला, ओढा ओलांडला, ओढ्याचं नाव आलं, ओढ्यापलीकडच्या दगडाचं नाव आलं. मागच्या बायकांचा आवाज चढत गेला. हंसाबाईने शाळेच्या चॅपेलमध्ये ऑर्गन ऐकला होता, मोठमोठ्या ग्रंथांसमोर ती गुडघे टेकून बसली होती. पण एवढ्या काटकुळ्या बाईच्या जळणाऱ्या जिभेवर अख्खं रान उभं राहावं, आणि ते पेलायला एक घोट पाणी पुरावं, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. आपले हात कधी जोडले गेले ते तिला कळलं नाही.

सूर्य कलल्यावर लग्न लागलं. ठमी मांडवाच्या कडेला पाय पसरून बसली. आवाज फाटला होता.

"जळतंय?" हंसाबाईने विचारलं.

"लय." तिने पाणी प्यायलं. "तू किती लिवलास?"

"अकरा ओळी."

"येवढ्याच?" ठमी हसली. "मंगळीला बोलवलाय मी पावसाळ्याआधी. खांबाचा शिकवते. आर्धाच घेऊन बसली हाय बिचारी."

घरी आल्यावर हंसाबाईने दिवा लावायच्या आधी वही उघडली. नियमाप्रमाणे लिहिलं:

गुरुवार, ता. २७ एप्रिल १९६७. पाड्यावर कमळीचे लग्न. ठमीने पूर्ण गायले. तोंड: बरे. खुजा ठमीकडे राहिला. उद्यापासून पिण्याचे पाणी कळशीत भरणे.